माझाच आवाज मला परत का ऐकू येतो?

प्रश्न : मुलगी कॅलिफोर्नियात असते. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलताना माझं प्रत्येक वाक्य क्षणभरानं मलाच परत ऐकू येतं. तिला मात्र माझा आवाज स्वच्छ येतो. ती म्हणते, ‘तुमचा फोन जुना झाला, नवा घ्या.’ घ्यावा का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नका घेऊ. स्वतःचा आवाज परत येतो तेव्हा बिघाड जवळजवळ नेहमीच समोरच्या टोकाला असतो. तुमचा आवाज मुलीच्या फोनच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, तिच्याच माइकमध्ये शिरतो आणि तिच्या बोलण्यासोबत सांगलीला परततो. तिला स्वतःला यातलं काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे संशय तुमच्या फोनवर येतो. अशा वेळी खापर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या जुन्या फोनवर फुटतं आणि विनाकारण नव्याचा खर्च होतो, याचं मला फार वाईट वाटतं.

खात्री करून घ्या. कॉल चालू असताना तिला माइक म्यूट करायला सांगा आणि तुम्ही मोठ्यानं ‘एक, दोन, तीन’ म्हणा. आवाज परत आला नाही, तर तो तिच्याच माइकमधून येत होता.

खरं तर हे टाळायची सोय फोनमध्ये असतेच. स्पीकरवर आपण काय वाजवतोय हे फोनला माहीत असतं. माइकमध्ये तेच आलं की तो ते वजा करतो. पण स्पीकर पूर्ण आवाजात असला, की आवाज फाटतो आणि वजाबाकी चुकते. फोनच्या खालच्या कडेला माइकचं बारीक भोक असतं. कव्हर तिथे नीट बसलं नसेल तर आवाज कव्हरच्या आतूनच माइकपर्यंत पोचतो. आणि एकाच खोलीत मुलगी फोनवर नि जावई लॅपटॉपवर त्याच कॉलमध्ये असतील, तर एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जातो. तेव्हा एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद हवेत. एरवी तिनं स्पीकरचा आवाज कमी करावा, कव्हर काढून पाहावं. इअरफोन लावले तर बहुतेक वेळा प्रश्नच मिटतो.

गावातल्या गावात लँडलाइनवर बोलताना हा त्रास जाणवत नसे, कारण परतणारा आवाज इतका लगेच येई की तो आपल्या बोलण्यातच मिसळून जाई. कॅलिफोर्निया इथून सुमारे १४,००० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या जाण्यालाच निदान ७० मिलिसेकंद लागतात. त्यात आवाजाचे तुकडे पाडणं, ते पलीकडे क्रमानं लावणं आणि परतीचा प्रवास मिळवा. एवढ्या उशिरानं आलेला आवाज कानाला वेगळा कळतोच.

आवाज मध्येच तुटणं हे दुखणं मात्र निराळं. बोलण्याचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे होऊन जातात आणि उशिरा पोचलेला तुकडा सरळ टाकून दिला जातो. त्यावर राउटरच्या जवळ बसणं, व्हिडिओ बंद करणं आणि घरात त्याच वेळी चाललेलं मोठं डाउनलोड थांबवणं, एवढं आधी करून पाहा.