गॅरेजात गेली की चालू होणारी गाडी

रायापूरला इस्कॉन मंदिरापाशी गाडी लावायची, दर्शन घ्यायचं, परत येऊन किल्ली फिरवायची, तर गाडी ढिम्म. दहा मिनिटांनी पुन्हा फिरवली की एका झटक्यात चालू. हुबळीला किंवा धारवाडला गॅरेजात नेली, तर तिथे दहा वेळा सेल्फ मारला तरी दहाही वेळा घेते. मेकॅनिक आपल्याकडे संशयाने बघतो आणि शेवटी म्हणतो, "बॅटरी बदलून बघू या." या 'बघू या'चे चार-पाच हजार रुपये होतात.

कायमची बंद पडलेली गाडी स्वस्तात दुरुस्त होते, कारण दोष समोर असतो. कधी चालू, कधी बंद अशी गाडी महाग पडते, कारण अंदाजाने भाग बदलले जातात. म्हणून पहिला खर्च वहीचा. गाडी अडली त्या दिवशी इंजिन गार होतं की नुकतंच बंद केलेलं, पाऊस होता का, गाडी किती दिवस उभी होती आणि किल्ली फिरवल्यावर नेमका कसला आवाज आला, हे लिहून ठेवा. शक्य असेल तर मोबाइलवर चित्रीकरण करा, डॅशबोर्डवरचे दिवे दिसतील असं. नुसतं "स्टार्ट आगवल्दु री" (चालू होत नाही हो) एवढंच सांगून गाडी सोडलीत, तर पुढचं सगळं मेकॅनिकच्या मर्जीवर.

आवाज बरंच सांगतो. टकटकटकटक असा भराभर आवाज आणि दिवे मंद होत असतील, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचं टर्मिनल सैल आहे. एकच जोरदार 'टक्' होऊन पुढे शांतता, दिवे मात्र लख्ख, तर संशय सेल्फवर. काहीच आवाज नाही, तर रिले, किल्लीचा स्विच, क्लचखालचा स्विच किंवा इमोबिलायझर. किल्लीचा दिवा लुकलुकत असेल, तर आधी घरातली दुसरी किल्ली लावून बघा. हा प्रयोग फुकट आहे आणि नव्या किल्लीचं प्रोग्रॅमिंग दोन हजारांपासून पुढे कुठेही जातं. सेल्फ नीट फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, हे दुखणं मात्र वेगळं. तिथे बॅटरी बदलून काहीही होणार नाही.

आता पैशांचं. खालचे आकडे लहान पेट्रोल गाडीसाठी ढोबळ आहेत. डिझेलला आणि मोठ्या गाडीला जास्त धरा.

सुरुवात टर्मिनलपासून. पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल, तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा. सोडवताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. खर्च वीस रुपये. टर्मिनलच चिरलं असेल, तर नवं शंभर-दोनशेत मिळतं. हाताने हलवून बघा: जरासुद्धा फिरलं, तर दोष सापडला असं समजायला हरकत नाही.

मग चारशे-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर आधी चार्ज करा आणि मगच निकाल द्या. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू असताना सहसा १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. तेवढे नसतील, तर ज्याला गॅरेजवाले अजून डायनॅमो म्हणतात, तो अल्टरनेटर तपासायला हवा. नवी बॅटरी टाकली तरी ती आठवड्यात उतरेल.

माझ्या स्वतःच्या गाडीला नवी बॅटरी घालून झाली, तरी दुखणं तसंच होतं. शेवटी निघाली ती इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी, आतून गंजलेली. किंमत दोनशे-तीनशे. या भागातल्या पावसाळ्यात असे जोड गंजतात, आणि बाहेरून मात्र वायर धडधाकट दिसते. तपासणी सोपी आहे: मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, की अर्थिंग बघायचीच.

सेल्फचा दोष असेल, तर शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बहुधा अख्खा सेल्फच बदलायला सांगतील, पाच ते दहा हजार. ऑटो इलेक्ट्रिशियन तोच उघडून कार्बन आणि बुश हजार-दोन हजारात बदलून देतो. आर्मेचर जळलं नसेल, तर मी दुसरा रस्ता धरेन. वॉरंटीतली गाडी मात्र बाहेर उघडू देऊ नका.

गाडी गरम असतानाच अडते आणि गार झाली की चालू होते, सेल्फ तर फिरतोय, अशा वेळी क्रँक सेन्सरवर नजर ठेवा. स्कॅनर लावायचे तीन-चारशे ते हजार, सेन्सर हजार ते अडीच हजार. किल्ली 'ऑन' केल्यावर मागच्या सीटखालून पेट्रोलच्या पंपाचं दोन सेकंद बारीक घूंऽऽ ऐकू येतं का तेही बघा. येत नसेल, तर पंपाच्या आधी त्याचा रिले आणि फ्यूज बदलून पाहा, दोनशे-चारशेत भागेल.

बॅटरी खरोखरच संपली असेल, तर साडेतीन ते साडेपाच हजारांची तयारी ठेवा. जुनी बॅटरी परत देऊनच भाव ठरवा. तिच्यातल्या शिशाला मोल असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या बॅटरीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा बिलावर दर वाचा. वॉरंटी 'अठ्ठेचाळीस महिने' म्हणतात, त्यातले मोफत बदलीचे किती आणि किमतीत नुसती सूट मिळण्याचे किती, हे कार्डावर लिहून, शिक्का मारून घ्या.

टोइंगला फोन लावण्याआधी विम्याची पॉलिसी उघडा. रस्त्यावरच्या मदतीचं कलम असेल, तर हजार-दोन हजार वाचतात. आणि दोष सापडतच नसेल, तर तपासणीची मजुरी आधी ठरवून, विचारल्याशिवाय एकही भाग बदलायचा नाही असं सांगून, गाडी दोन दिवस गॅरेजात ठेवा. सकाळी गार असताना पहिला सेल्फ त्यांनीच मारावा. तेवढे दोन दिवस आपल्याला हुबळी-धारवाड करायला चिगरी बस आहेच.