ऊन लागलं की शेळीच्या जनुकांचं काय होतं?



अंबाजोगाईत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. आपल्या कितीतरी मुलांच्या दारात उस्मानाबादी शेळी असते. 'उन्हात शेळी आजारी का पडते?' एवढ्या प्रश्नावरून दहावीचा प्रतिलेखनाचा भाग छान शिकवता येतो.

उन्हाने जनुक बदलत नाही, त्याचं काम कमी-जास्त होतं. जनुक म्हणजे प्रथिनाची पाककृती समजा. वही तीच, पण आज कोणता पदार्थ किती करायचा, हे पेशी ठरवते. हीच जनुक-अभिव्यक्ती.

शेळीचं तापमान साधारण ३९ अंश सेल्सिअस असतं. ते वाढलं की पेशी एचएसपी-७० हे प्रथिन जास्त बनवते. ते इतर प्रथिनांची घडी विस्कटू देत नाही. टोल-सदृश ग्राही ही जंतू ओळखणारी राखणदार प्रथिनं. उष्णता, अपुरा चारा आणि दोन्ही एकत्र असताना त्यांच्या जनुकांचं काय होतं, हे बंगळूरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने आपल्या उस्मानाबादी शेळ्यांवरच तपासलं आहे. ताण लांबला की कॉर्टिसॉल वाढून प्रतिकारशक्ती ढिली पडते.

मुलांसाठी कृती : सावलीतल्या शेळीच्या कुशीची हालचाल बघून मिनिटाला किती श्वास होतात ते मोजा. एकदा सकाळी, एकदा दुपारी तीनला. आठवडाभराचा आलेख काढा.

पालकांसाठी : भर दुपारी चरायला सोडू नका. सावली, पाणी, पोटभर चारा द्या. पीपीआर आणि आंत्रविषाराची लस डॉक्टरांना विचारून, सकाळच्या गारव्यात टोचून घ्या. एक शेळी गेली तर घरात कुणाच्या तरी वह्या-पुस्तकांचे पैसे जातात.