पाइन वृक्षांची वलये आणि पाण्याचा हिशेब

तोडलेल्या सागाच्या बुंध्यावर एकात एक वसलेली वलये दिसतात. साधारणतः दरवर्षी एका वलयाची भर पडते, हे शाळेतही शिकविले जाते. मात्र ही वलये सारख्या रुंदीची का नसतात, याकडे सहसा लक्ष जात नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील निमशुष्क ॲरिझोना राज्यात या साध्या प्रश्नातून एक स्वतंत्र शास्त्र उदयास आले.

ए. ई. डग्लस हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरील डागांच्या आवर्तनाचा हवामानावर परिणाम होतो काय, हे त्यांना पाहावयाचे होते. परंतु पर्जन्याच्या जुन्या नोंदीच उपलब्ध नव्हत्या. म्हणून १९०४ च्या सुमारास त्यांनी फ्लॅगस्टाफ परिसरातील पाँडेरोसा पाइनची वलये मोजण्यास प्रारंभ केला. सूर्यडागांचा संबंध निर्विवादपणे सिद्ध झाला नाही तो नाहीच. पण रुंद व अरुंद वलयांचा एकच क्रम दूरदूरच्या झाडांत आढळून आला.

यामागील कारण ओलीत आहे. हिवाळ्यातील बर्फ वितळून जमिनीत मुरते आणि त्या ओलीवर वसंतात वलयाचा फिकट भाग वाढतो. नंतर वाढ मंदावून गडद कड उमटते. हिवाळा कोरडा गेल्यास झाड पानांवरील रंध्रे मिटून घेते, अन्ननिर्मिती घटते व वलय अरुंद राहते. ओढ्याकाठच्या झाडास मात्र अवर्षणाची झळ फारशी लागत नाही. म्हणून अभ्यासक खडकाळ उतारावर, पातळ मातीत तग धरून राहिलेली झाडे निवडतात. पोकळ गिरमिटाने पेन्सिलीएवढा नमुना काढला, तर झाडही तोडावे लागत नाही. नुसती मोजणी मात्र पुरत नाही. अतिशुष्क वर्षी काही झाडांत वलय उमटतच नाही. उलट उन्हाळ्यातील कोरड्या खंडानंतर पाऊस झाल्यास एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो. त्यामुळे अनेक झाडांचे क्रम एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. काम कंटाळवाणे खरे, पण त्यावाचून एकही वर्ष भरवशाचे ठरत नाही.

या अभ्यासाचे मोल कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यात दिसून आले. जे बर्फ पाइनला ओल पुरविते, तेच या नदीलाही पाणी देते. १९२२ च्या करारान्वये वरच्या व खालच्या खोऱ्यांतील राज्यांना प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट वार्षिक पाणी वाटून देण्यात आले. १९४४ च्या तहाने मेक्सिकोस आणखी १५ लाख. वाटपाचा आधार होता थोड्या वर्षांच्या प्रवाहनोंदींचा. स्टॉक्टन व जेकोबी यांनी १९७६ मध्ये पाइन व अन्य सूचिपर्णी वृक्षांच्या वलयांवरून सुमारे साडेचारशे वर्षांचा प्रवाह अजमाविला, तेव्हा सरासरी १३५ लाख एकर-फुटांच्या आसपास भरली. विसाव्या शतकाचा आरंभ हा या सबंध कालखंडातील असामान्य पाणीदार काळ होता, हेही उघड झाले. नंतरच्या अभ्यासांत सरासरीचा आकडा काहीसा वर सरकला, तरी तो १५० लाखांपर्यंत पोचला नाही. करार करणाऱ्यांनी आकडे चुकीचे लिहिले नव्हते. त्यांच्या हाती आलेली वर्षेच सुकाळाची होती. ऑगस्ट २०२१ मध्ये खालच्या खोऱ्यासाठी प्रथमच अधिकृतरीत्या पाणीटंचाई जाहीर करावी लागली आणि १९२२ मध्ये कागदावर वाटलेल्या पाण्यात कपात सुरू झाली.