दोन पाखरं पाळली तरी ती माणसाळलेली कशी ठेवावीत?

मित्रांनो, पाखरं कुणाला आवडत नाहीत? आपल्या गावात कुणाच्या घरी कोंबड्या आहेत, तर कुणी कबुतरं पाळतात. माझ्याकडे दोन बजरीगर आहेत. पुष्कळ लोक त्यांना 'लव्हबर्ड' म्हणतात. पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेकडचे असतात. बजरीगर हा ऑस्ट्रेलियातला लहान पोपट आहे. जॉन गूल्ड नावाच्या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० साली जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले. पुढे हा पक्षी जगभर घरोघरी पाळला जाऊ लागला. तो सुमारे १८ सेंटिमीटर लांब असतो. वजन फक्त ३० ते ४० ग्रॅम. राळे, बाजरी असे बारीक दाणे तो सोलून खातो.

एक गोष्ट आधीच सांगते. आपल्या रानातला लाल चोचीचा हिरवा राघू मात्र पाळू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे त्याला पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. कुणी पिल्लू विकायला आणले तरी घेऊ नये.

आता मुख्य विषयाकडे वळू. माझ्याकडे आधी एकच पाखरू होते. त्याचे नाव हिरवा. तो माझ्या बोटावर बसायचा आणि तळहातावरचे दाणे खायचा. मग मामांनी दुसरे पाखरू आणले. तिचे नाव निळी. नव्या पाखराला रोग असला तर तो जुन्याला लागतो, म्हणून मामांनी तिला पहिले तीस दिवस वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायला सांगितले. आम्ही तसेच केले. नंतर दोघांना एकत्र ठेवले. आठ दिवसांत हिरवा माझ्या हातावर येईनासा झाला. मी पिंजऱ्याजवळ गेले की निळी फडफडायची आणि तिचे बघून तोही पळायचा.

बाबा म्हणाले, "एक पाखरू मामाला परत देऊ. मग राहिलेलं पुन्हा तुझ्याजवळ येईल." पण मी दिवसभर शाळेत असते. तेवढा वेळ एकटे पाखरू कुणाशी बोलणार? मी बाबांकडून एक महिन्याची मुदत मागून घेतली.

असे का होते, ते आपल्या शेतात बघायला मिळते. ज्वारीच्या कणसांवर राघूंचा थवा बसतो, तेव्हा आपण गोफण फिरवतो. एक राघू ओरडून उडाला की सगळा थवा उडतो. बाकीच्यांनी गोफण बघितलेलीसुद्धा नसते. थव्यातल्या पक्ष्यांचा जीव अशानेच वाचतो. बजरीगरसुद्धा ऑस्ट्रेलियात थव्यानेच राहतात. घरात एकटे पाखरू असले की त्याला माणूसच आपला थवा वाटतो. दुसरे पाखरू आले की ते दोघे मिळून थवा होतात. म्हणजे हिरवा माझ्यावर रुसला नव्हता. त्याला त्याच्या जातीचे पाखरू भेटले होते, आणि निळीची भीती त्याला लागत होती.

मग आजीच्या कोंबड्यांकडे माझे लक्ष गेले. तिच्या आठ कोंबड्या आहेत, पण एकही तिला भीत नाही. मी विचारले, "आजी, तुझ्या कोंबड्या इतक्या असून तुझ्याजवळ कशा येतात गं?" आजी म्हणाली, "अगं, दाणे समद्यांना एकदम टाकते, पर रोज सांजच्याला खुराड्यात घालताना एकेकीला हातात घेते. पंखाखाली बघते, पोटऱ्या चाचपते. एकीला बी सोडत न्हाई. रोजची सवय मोडली की पाखरू रानटी व्हतंय."

आजीची ही रीत मी बजरीगरांना लावली. ती अशी :

१. रोज एका पाखराला लहान पिंजऱ्यात घालून दुसऱ्या खोलीत न्यावे. फक्त दहा मिनिटे. ती एकमेकांना हाका मारतात, म्हणून जास्त वेळ वेगळे ठेवू नये. मग दुसऱ्याची पाळी.

२. ही वेळ सकाळचे दाणे घालायच्या आधीची असावी. तेव्हा पाखराला भूक असते. पण हातावर यावे म्हणून त्याला उपाशी ठेवू नये. एवढासा जीव उपासाने लगेच मरतो.

३. पहिले काही दिवस नुसते जवळ बसावे आणि हळू बोलावे. मग पिंजऱ्यात हात ठेवून तो हलवू नये. तळहातावर राळे ठेवावेत. पाखरू आपणहून येईपर्यंत थांबावे.

४. वरून झडप घालून पकडू नये. शिक्रा आणि मांजर तसेच पकडतात. हात खालून आणि बाजूने न्यावा.

५. वेगवेगळे झाल्यावर दोघांना एकत्र ठेवून दाणे द्यावेत. आधी माणसाळलेल्याला द्यावेत, नव्याला बघू द्यावे. भीती जशी एकाची दुसऱ्याला लागते, तसा धीरसुद्धा लागतो.

६. खोलीत मोकळे सोडताना दारे-खिडक्या लावाव्यात, पंखा बंद करावा, मांजर बाहेर काढावे. बाहेर सोडून देऊ नये. हे पाखरू इथल्या रानात जगत नाही.

७. पिंजरा चुलीच्या धुरात ठेवू नये. पक्ष्यांना धूर फार लवकर बाधतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, म्हणून पत्र्याखाली न ठेवता सावलीत ठेवावा आणि पाणी रोज बदलावे.

मी वहीत रोज लिहून ठेवले. पाचव्या दिवशी दुसऱ्या खोलीत हिरवा बोटावर बसला. बाराव्या दिवशी निळीने हातातल्या राळ्याच्या कणसाला चोच लावली आणि लगेच मागे सरली. एकोणिसाव्या दिवशी एकत्र असताना हिरवा तळहातावर आला. निळी दांडीवरून मान वाकडी करून बघत होती. सव्विसाव्या दिवशी तीही आली. चार दाणे सोलले आणि उडाली. बाबा दारातून बघत होते. ते म्हणाले, "राहू दे दोन्ही."

निळी अजून खांद्यावर बसत नाही. दोन पाखरं असली की ती आधी एकमेकांची असतात, मग आपली. मला त्याचे वाईट वाटत नाही. दुपारी मी शाळेत असताना दोघे एकमेकांची पिसे साफ करतात, असे आजी सांगते.

तेव्हा मित्रांनो, एकापेक्षा जास्त पाखरं पाळायची असतील, तर आधी आपल्याकडे किती वेळ आहे तो मोजा. दोन पाखरांना दहा-दहा मिनिटे, म्हणजे रोज वीस मिनिटे. तेवढा वेळ असेल तर दोन पाळा. चार पाखरांना तेवढा वेळ देता येत नसेल, तर चार आणू नका. आणि माणसाळावे म्हणून पाखराला एकटे ठेवू नका.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी, जि. प. प्राथमिक शाळा, ता. गेवराई, जि. बीड