सुरांत राजकारण आणलं कुणी?



"गाणं गाणं म्हणून ऐकावं, त्यात राजकारण कशाला?" असं आपण सहज म्हणून जातो. हे नेहमीच लागू पडतं का? एक खरं उदाहरण घेऊन पाहू.

वाग्नरचा निबंध

रिचर्ड वाग्नर (१८१३–१८८३) हा जर्मनीचा थोर ऑपेरा-रचनाकार. १८५० साली त्याने संगीतातील ज्यू लोकांविषयी एक निबंध टोपणनावाने छापला. ज्यू माणूस अस्सल संगीत रचूच शकत नाही, असा त्याचा दावा. मेंडेल्सझोनसारखा प्रतिभावंतही त्यातून सुटला नाही. १८६९ मध्ये तोच निबंध त्याने स्वतःच्या नावाने पुन्हा प्रसिद्ध केला. म्हणजे बघा, इथे राजकारण श्रोत्यांनी घुसवलेलं नाही, रचनाकारानेच आणलं.

पुढे काय झालं?

वाग्नर वारला तेव्हा हिटलर जन्मलाही नव्हता. तरी नाझींनी वाग्नरला डोक्यावर घेतलं आणि मेंडेल्सझोनचं संगीत बंद पाडलं. १९३६ मध्ये लाइपझिगमधला मेंडेल्सझोनचा पुतळाही हटवला. त्याच वर्षी व्हायोलिनवादक हूबरमान यांनी युरोपातल्या ज्यू वादकांना गोळा करून तेल अवीवला वाद्यवृंद उभा केला. तोच आजचा इस्रायल फिलहार्मोनिक. गंमत म्हणजे सुरुवातीला हा वाद्यवृंद वाग्नर वाजवत असे! नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली, दुकाने फोडली गेली, आणि मग वाग्नर कार्यक्रमातून वगळला गेला. इस्रायलमध्ये तसा कायदा नाही, पण हा संकेत आजही बराचसा पाळला जातो.

दोन प्रयत्न

१९८१ मध्ये मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांनी तेल अवीवला मैफलीच्या शेवटी वाग्नर वाजवायला घेतला. ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी खुशाल जावं, असं त्यांनी आधी सांगितलं होतं. तरी आरडाओरडा झाला. सभागृहातल्या एका कर्मचाऱ्याने, जो नाझी अत्याचारांतून वाचला होता, आपल्या अंगावरचे व्रण उघडे करून दाखवले.

२००१ मध्ये जेरुसलेमला डॅनिएल बॅरेनबॉइम या ज्यू संगीतकाराने ठरलेला कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांनाच विचारलं, "वाजवू का?" बराच वेळ वाद झाला. काही जण दारं आपटत निघून गेले. बहुतेक जण थांबले, त्यांनी ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या.

मग बरोबर कोण?

घाईने उत्तर देऊ नका. इथे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत:

१. रचना कशी आहे?
२. रचनाकाराचे विचार कसे होते?
३. ते सूर ऐकताना समोरच्या माणसाला काय आठवतं?

पहिल्याचं उत्तर "उत्तम" असलं, म्हणून तिसरा प्रश्न मिटत नाही. अंगावर व्रण असलेल्या माणसाला "राजकारण आणू नका" असं सांगणं म्हणजे त्याला गप्प बसवणंच. आणि ज्याला ऐकायचं आहे त्याचे कान कायमचे बंद करणं, हेही बरोबर नाही. बॅरेनबॉइम यांनी वाद टाळला नाही, आधी बोलणं होऊ दिलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

विचार करा: त्या रात्री तुम्ही सभागृहात असता, तर थांबला असता की उठून गेला असता? आपलं मत आठ-दहा ओळींत कारणांसह लिहा.