नोकरी सांभाळून जीएनएम होईल का?

प्रश्न : मी २९ वर्षांची, बारावी कला शाखा, ५२ टक्के. एका खासगी दवाखान्यात मावशी म्हणून काम करते, पगार ११ हजार. यजमान रिक्षा चालवतात, मुलगी दुसरीत आहे. नर्सिंगचा तीन वर्षांचा जीएनएम डिप्लोमा करायचा आहे. जवळचं खासगी कॉलेज वर्षाला ९० हजार मागतं, पण "हजेरीचं आम्ही बघतो, नोकरी सोडू नका" म्हणतं. सरकारी नर्सिंग स्कूलची फी अगदी कमी आहे, पण तिथे नोकरी सोडून होस्टेलला राहावं लागेल. काय करू?
— एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : ताई, "हजेरीचं आम्ही बघतो" या एका वाक्यासाठीच मी तुम्हाला त्या कॉलेजात जाऊ नका म्हणेन. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार ८० टक्के हजेरीशिवाय परीक्षेला बसता येत नाही आणि प्रमाणपत्र मिळण्याआधी प्रॅक्टिकलची हजेरी पूर्ण १०० टक्के भरावी लागते. आज तुम्ही पेशंटची चादर बदलता, उद्या त्याच पेशंटला सलाईन लावायचं आहे. ते वॉर्डात उभं राहूनच शिकता येतं.

म्हणजे नोकरी दोन्हीकडे सुटणारच. ११ हजारांप्रमाणे तीन वर्षांचा पगार होतो ३ लाख ९६ हजार. खासगीत त्यावर फीचे २ लाख ७० हजार चढतात. सरकारीत हा दुसरा बोजा जवळजवळ नाहीच, होस्टेल-मेसचा खर्च तेवढा धरा. नंबर लागला तर तिथेच जा.

नाही लागला, तर खासगी कॉलेज पारखून घ्या. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आधी तपासा, कारण तिथे नोंदणी झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. मग एखाद्या सकाळी न सांगता त्यांच्या हॉस्पिटलात जा. खाटांवर पेशंट आहेत का, युनिफॉर्ममधल्या मुली त्यांचं बीपी घेताना दिसतात का, हे डोळ्यांनी पाहा. मूळ गुणपत्रिका दाखवून परत घ्या. प्रत्येक रुपयाची पावती घ्या.

फीसाठी दागिने गहाण टाकू नका. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून शैक्षणिक कर्जाचा अर्ज करा. बँकांच्या नेहमीच्या योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, पदरचा हिस्साही भरावा लागत नाही. हप्ते कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं, ते दरमहा भरता आलं तर पुढचा हप्ता हलका होतो.

पण या कर्जातून किराणा आणि मुलीच्या शाळेचा खर्च भागणार नाही. मुलीला कोण सांभाळणार, रिक्षाच्या कमाईत घर कसं चालणार, हे यजमानांसोबत बसून वहीत मांडा. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय राजीनामा देऊ नका. जीएनएमच्या प्रवेशाला वयाची मर्यादा ३५ वर्षांची आहे. पैसे जमवायला एक वर्ष थांबलात, तरी तुमचा प्रवेश हुकत नाही.