फातिमा ठेव, मनापासून ठेव

अगं, सासूबाईंनी लेकीसाठी फातिमा नाव सुचवलं म्हणून एवढी हिरमुसलीस? ‘आपा, अर्थ पाहिला तर दूध तोडलेली! असं कुणी नाव ठेवतं का?’ हे तुझं म्हणणं. आता माझं ऐक.

अर्थ तू बरोबर शोधलास. अरबीत फ-त-म या धातूचा अर्थ बाळाचं अंगावरचं दूध तोडणं. पण त्या काळी कितीतरी तान्ही बाळं दूध सुटायच्या आधीच जायची. दूध सुटलं म्हणजे लेकरू तगलं. मला तर या नावात आईची दुआच दिसते. आपल्यात आणखी एक अर्थ सांगतात: दोजखच्या आगीपासून दूर ठेवलेली.

आणि हे नाव घरोघरी पोचलं ते पैगंबरांच्या लेकीमुळे. जातं ओढून बीबी फातिमाच्या हातांना घट्टे पडले होते. उहुदच्या लढाईत वडील जखमी झाले, रक्त थांबेना, तेव्हा तिनं चटईचा तुकडा जाळून त्याची राख जखमेवर दाबली. घरकामाला माणूस मागायला ती गेली, तेव्हा वडिलांनी तिला तस्बीह शिकवली: ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर. तू रोज म्हणतेस ती हीच, तस्बीह-ए-फातिमा.

नाव जुनाट वाटतं म्हणतेस. मोरोक्कोत फेझ शहरातली करवीयीन मशीद ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरीनं उभारली, असं परंपरा सांगते. तिथेच पुढे मोठं विद्यापीठ झालं. आणि आपल्या पुण्यातली, सावित्रीबाईंसोबत शाळेत शिकवणारी फातिमा शेख? १८५६ मध्ये आजारपणात माहेरी असलेल्या सावित्रीबाईंनी जोतीरावांना पत्र लिहिलं. आपल्यामागे फातिमावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुरणार नाही, असा भरवसा त्यात आहे. शिकवणाऱ्या बाईचं नाव जुनाट कसं होईल?

एक मात्र सांभाळ. कुणी फातिमा लिहितं, कुणी फातेमा, तुर्कस्तानात फात्मा म्हणतात. तुम्ही एकच रूप पक्कं करा, इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. जन्मदाखल्यावर जे लिहाल तेच आधारवर, शाळेत, पासपोर्टवर येऊ दे. नाहीतर पुढे पोरीला प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागेल.

सासूबाईंचा मान राखायचा म्हणून हे नाव ठेवू नकोस. तुला पटलं तरच ठेव, आणि लेक मोठी झाली की या सगळ्या फातिमांच्या गोष्टी तिला तूच सांग.